ज्याचे त्याचे कुलूप

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘हात ओले करणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला, की आपले विद्यार्थी बिनचूक ‘लाच देणे’ असे लिहितात आणि गुण मिळवून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. इटलीच्या दक्षिणेस सिसिली नावाचे बेट आहे. तेथील बोलीत याच कुळातला एक वाक्प्रचार आहे: ‘चोच ओली करू देणे’. पाखराने दुसऱ्याच्या भांड्यात चोच बुडवून घोटभर पाणी प्यावे, तसे गुंडाने दुकानदाराच्या गल्ल्यातून आपला घोट घ्यावा, असा त्याचा भाव. चोचीला तिकडे ‘पित्सू’ म्हणतात, आणि त्यावरूनच तेथील दुकानदारांकडून उकळल्या जाणाऱ्या पैशाला ‘पित्सो’ हे नाव पडले असे समजले जाते. पाखराची उपमा देऊन दरोड्याला किती गोंडस रूप देता येते, पाहा!

या गोष्टीला आपण हसण्याचे मात्र कारण नाही. ‘खंडणी’ हा आपला शब्द जुन्या पत्रव्यवहारात मांडलिकाने द्यावयाच्या रकमेसाठी येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत तोच शब्द व्यापाऱ्याला दूरध्वनीवरून धमकावून घेतलेल्या पैशाला चिकटला. ‘हप्ता’ म्हणजे मुळात फारसीतला आठवडा. आज तो शब्द उच्चारला, की आठवड्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला कुणी दांडगट डोळ्यांपुढे येतो. महाराष्ट्र शासनाला १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो अशाच दिवसांच्या अनुभवाने. सारांश, रोग सर्वत्र आहे. परंतु त्यावर सामान्य दुकानदारांनी एकत्र येऊन उपाय कसा केला, याचे सर्वांत बोलके उदाहरण मला सिसिलीतच सापडते, म्हणून विद्यार्थी मित्रांना व त्यांच्या पालकांना घटकाभर तिकडे घेऊन जाण्याचा विचार आहे. आपल्या शाळेतील कितीतरी मुले दुकानदारांच्या घरची आहेत. संध्याकाळी गल्ल्यावर बसून ती गृहपाठ करतात. त्यांना हा विषय परका वाटू नये.

पालेर्मो ही सिसिलीची राजधानी. तेथे माफिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळ्यांनी अनेक पिढ्या दुकानदारांकडून पित्सो वसूल केला. कॉफीचे दुकान असो, कापडाचे असो, की बांधकामाचा ठेका असो, चोच सर्वत्र बुडे. विशेष हे, की रक्कम बहुधा दुकान बुडेल इतकी मोठी नसे. गाय मेली तर दूध कोठून मिळणार, एवढे शहाणपण या लोकांना होते. नाताळ आणि ईस्टर या सणांना ‘तुरुंगात असलेल्या आमच्या माणसांच्या कुटुंबांसाठी’ अशी गोड भाषा लावून पैसे मागत. कधी पैशाऐवजी आपल्याच माणसाकडून माल घ्यायला लावीत, तर कधी आपल्याच मुलाला नोकरीस ठेवायला सांगत. ज्याने नकार दिला त्याच्या दुकानाच्या कुलपात एका रात्री कुणीतरी चिकट द्रव्य भरून ठेवी. सकाळी दुकानदार येई, किल्ली आत जात नसे, आणि त्याला समजायचे ते समजे. एवढ्याने भागले नाही, तर पुढची पायरी आगीची असे.

कुलपात घातलेल्या या चिकट द्रव्याचा विचार माझ्या मनातून जात नाही. कुलूप हे दुकानदाराचे संरक्षण. त्याच कुलपाला त्याच्यावर उलटवायचे! शेजारचे दुकानदार आपापली कुलपे सुखरूप उघडीत आणि त्याच्याकडे न पाहता आत जात.

१० जानेवारी १९९१ रोजी ‘जोर्नाले दि सिचिलिया’ या पालेर्मोच्या वृत्तपत्रात एक पत्र प्रसिद्ध झाले. ते लिबेरो ग्रास्सी या कारखानदाराने आपल्याला फोन करणाऱ्या अज्ञात खंडणीखोरास उद्देशून लिहिले होते. ग्रास्सी यांचा रात्री घालायचे व अंतर्वस्त्रांचे कपडे शिवण्याचा कारखाना होता आणि त्यात सुमारे शंभर माणसे काम करीत. पत्राचा आशय असा, की तुम्ही धमकीच्या फोनांचा आणि स्फोटकांचा खर्च वाचवा. आम्ही पैसे देणार नाही, आम्ही पोलिसांचे संरक्षण मागितले आहे. पुढे त्यांनी दूरदर्शनच्या कार्यक्रमातही हीच गोष्ट साऱ्या इटलीसमोर सांगितली.

आता पालेर्मोच्या इतर उद्योजकांनी काय करावयास हवे होते? दुसऱ्या दिवशी पन्नास पत्रे छापून यावयास हवी होती. तशी आली नाहीत. उद्योजकांच्या संघटनेने ग्रास्सी यांच्यापासून अंतर राखले. हा मनुष्य उगाच गाजावाजा करून शहराचे नाव खराब करतो, असा सूर निघाला. २९ ऑगस्ट १९९१ रोजी सकाळी घरून कारखान्याकडे निघालेल्या ग्रास्सींना रस्त्यातच गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांचे वय तेव्हा ६७ वर्षांचे होते. ज्या जागी ते पडले तेथे संगमरवरी शिळा बसवण्यास त्यांच्या कुटुंबीयांनी मान्यता दिली नाही. त्याऐवजी दरवर्षी त्या दिवशी हाताने लिहिलेला एक कागद भिंतीवर चिकटवण्याचा आणि खाली तांबडा रंग टाकण्याचा प्रघात पडला. माफियाबरोबरच उद्योजक-संघटनेचे मौन, राजकीय पक्षांची बेपर्वाई आणि शासनाची अनुपस्थिती यांनी या माणसाचा जीव घेतला, असे त्या कागदावर स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. शिळेवर कोरलेले शब्द लोक वाचीनासे होतात. कागद मात्र दरवर्षी नव्याने लिहावा लागतो.

ग्रास्सी शूर होते यात संशय नाही. तथापि मला त्यांच्या शौर्यापेक्षा त्यांच्या एकटेपणाचा विचार अधिक करावासा वाटतो. खंडणीचे सारे गणित एकटेपणावर उभारलेले असते. शंभर दुकानांच्या बाजारात धमकावणारे पाच-सात असतात. शंभरांना एकदम मारणे त्यांना कधीच शक्य नसते. एकाला मारणे शक्य असते. म्हणून प्रत्येक दुकानदाराला ‘तो एक तूच असशील’ असे पटवून देणे हाच त्यांचा खरा व्यवसाय. प्रत्येकजण मनातल्या मनात हिशेब करतो की नव्याण्णवांनी दिले आणि मी दिले नाही, तर गोळी मलाच. नव्याण्णवांनी दिले नाही आणि मी दिले, तर माझे थोडेसेच नुकसान. दोन्ही बाजूंनी देणेच फायद्याचे ठरते. शंभर शहाणी माणसे आपापल्या ठिकाणी शहाणपणाचा निर्णय घेतात आणि त्या शंभर निर्णयांची बेरीज मूर्खपणा होते. अंकगणितात अशी बेरीज नाही, बाजारात आहे.

हा हिशेब उलटा कसा करावा, ते त्याच बेटावरील एका लहान गावाने ग्रास्सींच्या पत्रापूर्वी महिनाभरच दाखवून दिले होते. कापो दोर्लांदो हे सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरचे समुद्रकाठचे गाव. तेथील व्यापाऱ्यांकडे खंडणीची मागणी येऊ लागली, तेव्हा तानो ग्रास्सो नावाच्या पादत्राणांच्या दुकानदाराने इतरांना गोळा केले आणि डिसेंबर १९९० मध्ये त्यांनी खंडणीविरोधी संघटना स्थापली. इटलीतील अशा प्रकारची ती पहिली संघटना मानली जाते. त्यांनी बंदुका घेतल्या नाहीत. त्यांनी पोलिसांकडे तक्रार केली, पण ती एकेकट्याने न करता सर्वांनी मिळून; आणि पुढे पात्ती येथील न्यायालयात खटला उभा राहिला तेव्हा साक्षी द्यायलाही ते सर्व मिळून गेले. न्यायालयात एकच साक्षीदार असला तर आरोपी त्याच्याकडे रोखून पाहतो. साक्षीदारांचे बाकच भरून गेले, म्हणजे आरोपीला खाली पाहावे लागते. गुन्हेगारांना शिक्षा झाल्या. तानो ग्रास्सो १९९२ साली इटलीच्या संसदेवर निवडून गेले. शासनानेही खंडणीस नकार दिल्यामुळे ज्यांचे नुकसान होईल त्यांच्या भरपाईसाठी निधी उभारण्याचा कायदा केला. म्हणजे आधी दुकानदार एकत्र आले आणि मग कायदा त्यांच्या मागोमाग आला, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘सरकारने आधी काहीतरी करावे, मग आम्ही पाहू’ ही आपली आवडती भूमिका त्या गावाने घेतली असती, तर ते आजवर पाहतच बसले असते.

असे असूनही पालेर्मो शहर बरीच वर्षे गप्पच राहिले. लहान गावात माणसे एकमेकांना ओळखतात. शहरात शेजारच्या दुकानदाराच्या मनात काय आहे याचा पत्ता नसतो. तेथील कोंडी फोडली ती दुकानदारांनी नव्हे, तर तरुण मुलांनी. काही पदवीधर मित्र एक लहानसे उपाहारगृह उघडण्याचा बेत करीत होते. खर्चाचा कागद मांडताना एकाने विचारले, की पित्सो मागायला आले तर काय करायचे? ती रक्कम खर्चाच्या कोणत्या रकान्यात लिहायची? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षे जी गोष्ट सर्वांना ठाऊक होती, तिला कागदावर रकाना मिळाला नव्हता. २९ जून २००४ च्या पहाटे पालेर्मोचे लोक जागे झाले तेव्हा शहरभर भिंतींवर व खांबांवर लहान लहान कागद चिकटवलेले दिसले. मृत्यूची सूचना छापतात तशी त्यांना काळी चौकट होती, आणि खंडणी देणारी सबंध प्रजा ही स्वाभिमान गमावलेली प्रजा होय, असे त्यांवर छापले होते.

या चळवळीला ‘अदियोपित्सो’ म्हणजे ‘पित्सोला रामराम’ असे नाव पडले. तिची खरी युक्ती मात्र यापुढची आहे. ‘खंडणी देऊ नका’ असा उपदेश दुकानदारांना करण्याऐवजी ते गिऱ्हाइकांकडे गेले. जो दुकानदार खंडणी देणार नाही त्याच्याकडेच आम्ही खरेदी करू, अशा प्रतिज्ञेवर त्यांनी हजारो नागरिकांच्या सह्या गोळा केल्या. त्या सह्यांचा गठ्ठा घेऊन मग दुकानदारांकडे गेले. २००६ साली शंभर दुकानांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. पुढे ती संख्या हजाराच्या घरात गेली. दाराशी चळवळीची खूण लावलेल्या दुकानात खंडणीखोर जाईनासे झाले. का? ते दयाळू झाले म्हणून नव्हे. त्या दुकानात गेले तर तक्रार होणार, वकील उभा राहणार, वर्तमानपत्रात बातमी येणार, मग थोड्याशा पैशासाठी तुरुंगाची जोखीम कोण घेईल? २००७ साली सिसिलीच्या उद्योजक-संघटनेनेही पित्सो देणाऱ्या सभासदास काढून टाकण्याचा निर्णय केला. ज्या वर्गाने ग्रास्सींकडे पाठ फिरवली होती त्यालाच सोळा वर्षांनी त्यांच्या बाजूला येऊन उभे राहावे लागले.

यातील शेवटची हकीकत आपल्याला अधिक जवळची आहे. पालेर्मोच्या बाल्लारो बाजाराजवळ बांगलादेशातून गेलेल्या अनेक लोकांची छोटी दुकाने आहेत. परका देश, परकी भाषा, पोलिसांची धास्ती. अशा माणसाकडून खंडणी घेणे सर्वांत सोपे, असे तेथील टोळीने गृहीत धरले होते. या दुकानदारांनी अदियोपित्सोच्या मदतीने एकत्रित तक्रार केली आणि मे २०१६ मध्ये टोळीतील दहा जणांना अटक झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांना जे धैर्य गोळा करण्यास शतक लागले, ते काल आलेल्या उपऱ्यांनी काही वर्षांत दाखवले. ‘बाहेरून आलेली माणसे गुन्हे आणतात’ हे वाक्य आपल्या गोव्यात, आणि सर्वत्रच, दिवसातून दहा वेळा ऐकू येते. म्हणून ही हकीकत मुद्दाम सांगितली.

आता घरी येऊ. आपला तालुक्याचा बाजार म्हणजे पालेर्मो नव्हे, हे मला मान्य आहे. मी घरी कोकणी बोलते. आमच्या बोलीत किराणामालाच्या लहान दुकानाला पोसरो म्हणतात. पोसरो चालवणाऱ्याची दुःखे माफियाइतकी भयंकर नसतात, पण ती रोजची असतात. पावसाळ्याच्या रात्री पत्र्यावर सरींचा आवाज चाललेला असताना दुकानाचा दरवाजा उचकटला जातो. गर्दीच्या वेळी दोघेजण येतात, एक भाव विचारीत राहतो आणि दुसरा बरणीमागचा मोबाईल उचलतो. बाजाराच्या दिवशी पाचशेची खोटी नोट खऱ्यांत मिसळते. अलीकडे तर पैसे हातात न पडताच चोरी होऊ लागली आहे. मोबाईलवरून पैसे भरण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली सुरू झाली, आणि आज शहाळेवालाही आपल्या गाड्यावर क्यूआर कोडचा चौकोन टांगतो. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे चोरट्यांनी एका रात्रीत अनेक दुकानांच्या बाहेरील क्यूआर कोडवर आपले कोड चिकटवून टाकले. सकाळी गिऱ्हाइके पैसे भरीत होती आणि ते भलत्याच खात्यात जात होते. नाव वेगळेच दिसते आहे, हे एका गिऱ्हाइकाच्या ध्यानात आले म्हणून बिंग फुटले.

या प्रकारच्या चोरीत एक गोष्ट समान असते. तोच माणूस, तीच युक्ती घेऊन, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जातो. सकाळी दहा वाजता ज्याने औषधाच्या दुकानात पैसे भरल्याचे खोटे चित्र मोबाईलवर दाखवून माल नेला, तोच साडेदहाला स्टेशनरीच्या दुकानात आणि अकराला हार्डवेअरमध्ये असतो. पहिल्या दुकानदाराला फसल्याची लाज वाटते, म्हणून तो गप्प बसतो. शिवाय दुसरा दुकानदार त्याचा प्रतिस्पर्धीच. त्याचे नुकसान झाले तर आपले काय बिघडले, असाही एक कोपरा मनात असतो. चोराचे भांडवल ते हेच. त्याला गुप्त वाटा ठाऊक नसल्या तरी चालतात. दुकानदार एकमेकांशी बोलत नाहीत, एवढी माहिती त्याला पुरते.

म्हणून माझे मत असे, की बाजारातील पहिली सहकारी संस्था बातमीची असावी. फसलेल्याने दहा मिनिटांत इतरांना सांगावे. त्यासाठी इमारत लागत नाही, अध्यक्ष लागत नाही, उद्घाटनाचा हारही लागत नाही. बाजारातल्या सर्वांचा मिळून मोबाईलवर एक गट असला म्हणजे झाले. मात्र त्यावर सुप्रभातीची फुले धाडण्यास सक्त मनाई हवी! रोज सकाळी दुकान उघडताना आपल्या कोडवर एक रुपया भरून नाव आपलेच दिसते की नाही ते पाहावे, आणि हे काम घरच्या मुलांनी अंगावर घ्यावे. खात्यातून पैसे गेलेच, तर १९३० हा शासनाचा क्रमांक लगेच फिरवावा. चोराने पैसे पुढे सरकवण्याआधी तक्रार पोचली, तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सवडीने केलेल्या तक्रारीस तशी आशा कमीच.

राखणदाराचा प्रश्न याहून कठीण आहे. वीस दुकानांनी मिळून रात्रीचा राखणदार ठेवावा, हे सर्वांना पटते. पहिल्या महिन्यात वीस जण वर्गणी देतात, तिसऱ्या महिन्यात चौदा. उरलेले सहा म्हणतात, की राखणदार फिरतो तो आमच्या दारावरूनच जाणार, मग आम्ही पैसे कशाला द्यायचे? हे त्यांचे म्हणणे तर्कदृष्ट्या अगदी बरोबर असते, आणि म्हणूनच ते घातक आहे. सहा महिन्यांनी राखणदार पगार न मिळाल्यामुळे निघून जातो. जे बाजार हा प्रश्न सोडवू पाहतात ते वर्गणी दुकानाच्या आकाराप्रमाणे ठरवतात, ती महिन्याच्या आरंभी घेतात आणि हिशेब सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावतात. हिशेब लावणे हे पैसे गोळा करण्यापेक्षा महत्त्वाचे. जेथे हिशेब दिसत नाही तेथे वर्गणीची खंडणी होण्यास फार काळ लागत नाही.

ही एकजूट आपल्या मातीला नवी नाही. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्यात विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे; म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी राजाचा जावईदेखील कारागिरांच्या संघावर विश्वास टाकीत होता. मध्ययुगात ऐहोळेचे ‘पाचशे’ म्हणून प्रसिद्ध असलेला व्यापारीसंघ दक्षिणेत दूरवर माल नेई आणि वाटेतील दरोडेखोरांपासून संरक्षणासाठी शस्त्रधारी माणसे बाळगी. पेशवाईच्या अखेरीस आपल्या खेड्यांतील जागल्याची पद्धत एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात नोंदली आहे. चोराचा माग काढीत जागल्या गावच्या शिवेपर्यंत जाई, तेथे पुढच्या गावचा जागल्या तो माग आपल्या हाती घेई, आणि ज्या गावात माग संपे त्या गावावर जबाबदारी येई. शीव ओलांडली म्हणून चोर सुटत नसे. आजही पोलिसठाण्यांच्या हद्दींवरून तक्रारदाराला हेलपाटे पडू नयेत म्हणून कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवण्याची तरतूद नव्या फौजदारी संहितेत आहे. ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ही तरतूद दुकानदारांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

तथापि एकजुटीची स्तुती करताना मला थांबून एक भय बोलून दाखवले पाहिजे. कुंपणच शेत खाते, ही म्हण आपल्याकडे आहे, आणि सिसिलीच्या माफियाचा जन्म तर अक्षरशः कुंपणातच झाला. एकोणिसाव्या शतकात पालेर्मोभोवती लिंबांच्या मोठ्या बागा होत्या. लिंबाला परदेशात उत्तम भाव होता, आणि फळे चोरणे सोपे होते. मालकांनी राखणीसाठी दांडगी माणसे ठेवली. त्या माणसांच्या ध्यानात लवकरच आले, की चोरी थांबवण्यापेक्षा चोरीची भीती टिकवणे अधिक किफायतशीर आहे. खंडणी ही अशा रीतीने राखणदारीतूनच उगवली. म्हणून ज्या बाजारात ‘अमका भाऊ सर्व पाहून घेतो’ अशी व्यवस्था असते, त्या बाजाराने संरक्षण मिळवलेले नसून चोर ठरवून घेतलेला असतो.

दुसरे भय याहून मोठे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. ती माणसे निरपराध होती. मोबाईलवरून फिरणाऱ्या अफवेने हे घडले. मघाशी ज्या बातमीच्या गटाची मी शिफारस केली, तोच गट विवेकाच्या अभावी कोणते रूप घेऊ शकतो ते येथे दिसते. म्हणून दुकानदारांच्या एकजुटीची मर्यादा आरंभीच लिहून ठेवावी. पाहणे, कळवणे, तक्रार नोंदवणे, साक्षीला जाणे, इतके तिचे काम. ‘संशयित’ म्हणून कुणाचे छायाचित्र गटावर फिरवणे नाही, खांबाला बांधणे नाही, पहिली चपराक तर नाहीच. कापो दोर्लांदोच्या दुकानदारांच्या हातात काठी नव्हती. असती, तर ती टोळी विरुद्ध टोळी अशी लढाई झाली असती आणि त्या लढाईत चपलांच्या दुकानदाराचा निभाव लागला नसता.

काहीजण म्हणतील, हे सारे पोलिसांचे काम. आम्ही कर देतो तो कशासाठी? म्हणणे रास्त आहे. परंतु पोलीस चोर पकडतो तो सांगणाऱ्याच्या भरवशावर. बारीक चोऱ्यांची तक्रारच होत नाही, कारण एका दिवसाचा धंदा बुडवून ठाण्यात बसणे एकट्या दुकानदाराला परवडत नाही. व्यापारी मंडळाने आळीपाळीने एक माणूस तक्रारदाराबरोबर द्यावा आणि तेवढा वेळ त्याच्या दुकानावर शेजाऱ्याने बसावे. शेजाऱ्याच्या गल्ल्यावर बसण्याइतका विश्वास ज्या बाजारात उरला नाही, त्या बाजारात कॅमेरे कितीही लावले तरी ते चोर गेल्यानंतर त्याची पाठच दाखवणार.

आणखी एक प्रश्न बहुतेक व्यापारी मंडळे टाळतात: या एकजुटीत कोण कोण? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भिंतीच्या आतले दुकानदार आहेत, तशा बाहेर पाटी मांडून बसणाऱ्या, आपल्या मळ्यातली भाजी आणि घरचे लोणचे विकणाऱ्या बायकाही आहेत. पावसाळ्याच्या आधी पुरुमेंताची खरेदी करताना आपण सगळे त्यांच्याकडेच वाकतो. देशभरात अनेक ठिकाणी दुकानदार अशा फेरीवाल्यांना अडथळा समजतात, आणि त्यांना उठवण्यासाठी अर्जांवर अर्ज करतात. उठवले जाण्याची भीती हेच मग हप्ता घेणाराचे हत्यार होते. ज्याचा जागेवर हक्क नाही त्याच्याकडून कुणीही काहीही उकळावे! अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना उभारली, आणि माणेक चौकातील भाजीवाल्या बसण्याच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. पुढे २०१४ साली फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार नगर विक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. विक्रेत्यास प्रमाणपत्र मिळाले, की हप्ता मागणाराला दाखवायला तिच्या हातात निदान एक कागद तरी येतो.

पहाटे पाचला, बाजाराचे एकही दार उघडण्याआधी, पाटी उतरवून बसलेली ही बाई असते. कोणते वाहन अवेळी थांबले, कोण कोणत्या कुलपाशी घुटमळला, कुणी कोडवर हात फिरवला, हे तिच्याइतके कुणालाच दिसत नाही. व्यापारी मंडळाच्या सभेला मात्र तिला अद्याप कुणी बोलावलेले नाही. येत्या वार्षिक सभेची सूचना निघेल तेव्हा ती भिंतीबाहेरही वाचून दाखवली जावी, अशी मंडळाच्या चिटणीसांना माझी विनंती आहे. आपल्या शाळेतील वरच्या इयत्तेच्या मुली ते काम आनंदाने करतील.